बेडकांचा तिसरा राजा

आज भाचीला इसापची राजा मागणाऱ्या बेडकांची गोष्ट वाचून दाखवली, जॉर्ज टाउनसेंडच्या १८६७च्या इंग्रजी अनुवादातून. देव आधी लाकडाचा ओंडका टाकतो. धप्प आवाजाने सगळे तळाशी दडतात, मग हळूच वर येऊन त्याच्याच डोक्यावर बसतात. इथे कार्टी खो खो हसली.

मूळ ग्रीक गोष्टीत पुढे थेट पाणसाप येतो आणि बेडकांचा फडशा पाडतो. टाउनसेंडकडे मात्र मध्येच एक गरीब स्वभावाची वाम मासळी राजा होते, तीही नकोशी झाल्यावर बगळा. (प्राचीन रोमन कथाकार फेद्रस लिहितो, इसापने ही गोष्ट हुकूमशहा पिसिस्ट्रेटसच्या सत्तेला वैतागलेल्या अथेन्सकरांना सांगितली. लहान मुलांची गोष्ट म्हणे!)

भाचीचा सवाल, "मग वामेनं काय वाईट केलं होतं?"

मी पान उलटलं.