एक माल्ट, दोन बिअर आणि नाशिकची थंडी

नारळाचं पहिलं दूध घट्ट निघतं आणि त्याच चोथ्यात पाणी घालून पिळलं की दुसरं पातळ. इंग्लंडमध्ये कित्येक शतकं बिअरही अशीच व्हायची. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, पहिल्या पाण्याची कडक, त्याच चोथ्याच्या पुढच्या पाण्याची सौम्य. ते मला एकदा स्वतःच्या हातानं करून बघायचं होतं. आपल्याकडे बिअर करायला परवाना लागतो, म्हणून गंगापूर रोडला मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअरचा छोटा कारखाना, चालवणाऱ्या मित्राच्या मागे लागलो. त्यानं परवान्याच्या जागेतलं मागचं अंगण, दोन मोठी पातेली आणि डिसेंबरमधला एक रविवार दिला.

पहाटे साडेपाचला पारा ९ अंशांवर होता. निफाडकडे अशा वेळी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, आम्ही गॅसची शेगडी पेटवली. भरडलेलं जवाचं माल्ट १० किलो, पाणी २६ लिटर. पाणी ७३ अंशांवर घेतलं, कारण मित्राच्या वहीत तोच आकडा होता. माल्ट मिसळून ६६ अंश यायला हवे होते, आले ६२. वहीतला आकडा चुकीचा नव्हता, पण तो उन्हाळ्याचा होता. रात्रभर अंगणात राहिलेलं माल्ट आणि पातेलं दोन्ही गारठलेली, त्यांनीच पाण्याची ऊब खाल्ली. ३ लिटर उकळतं पाणी ओतून ढवळलं तेव्हा काटा ६५ च्या थोडा वर सरकला. पातेल्याला चादरी गुंडाळल्या आणि तासभर झाकण उघडलं नाही.

पहिली धार काकवीसारखी दाट आणि तिच्यासारखीच तांबूस. १८ लिटर निघालं, बोटं एकमेकांना चिकटत होती. मग चोथ्यावर २० लिटर गरम पाणी. ते ७६ अंशांच्या वर जाऊ दिलं नाही, नाहीतर फोलपटांतला तुरटपणा उतरतो. दुसरी धार फिकट, उसाचा रस पाण्यात कालवल्यासारखी. उकळणं आणि हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालणं नेहमीसारखंच. शेवटी हायड्रोमीटरवर, म्हणजे साखरेमुळे पाणी किती दाट झालं ते दाखवणाऱ्या मापकावर, कडक १.०९० आणि सौम्य १.०३३ (साध्या पाण्याचं १.०००). एकाच चोथ्यातून एवढा फरक पडतो हे वाचलेलं होतं, तरी नळीतला तरंगता काटा मी तीनदा बघितला. चोथा शेजारच्या गोठ्यात गेला.

यीस्ट घालून दोन्ही पिंपं पडवीत शेजारी शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कडक पिंप २१ अंशांवर, झाकणावरच्या नळीतून बुडबुडे सुटत होते. सौम्य १५ वर आणि गप्प. यीस्ट साखर खाताना स्वतःच ऊब तयार करतं. कडक पिंपात खायला भरपूर होतं, सौम्य पिंपात ती ऊब पुरेशी झाली नाही. मला खरी काळजी त्याचीच वाटली. ज्यात अल्कोहोल कमी, ते आधी नासतं, आणि यीस्ट जितका उशीर करेल तितकी जंतूंना संधी.

मित्राची आई पडवीत आली होती. म्हणाली, "अरे, थंडीत विरजण लावल्यावर भांडं काय असंच उघड्यावर ठेवतोस का?" आणि घरातली जुनी गोधडी आणून दिली. सौम्य पिंप आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीला टेकवून ठेवलं, गोधडी दोनदा गुंडाळली. संध्याकाळपर्यंत १८ अंश. रात्री दहाच्या सुमारास नळीला कान लावला तेव्हा पहिला बुडबुडा ऐकू आला. "काकू, लागलं विरजण!" असं मी ओरडलो.

सौम्य बिअर तीन आठवड्यांत प्यायला घेतली, साधारण ३ टक्क्यांची. हलकी आणि भाजलेल्या पावाच्या वासाची. मी सगळी मेहनत कडक बिअरसाठी केली होती, पण मला आवडली ती हीच. जेवताना ग्लासभर घेतली तरी डोकं जड होत नाही.

कडक बिअर ९ टक्क्यांच्या आसपास गेली आहे. आत्ता चाखली तर जीभ भाजते. ती गुढीपाडव्यापर्यंत पिंपातच राहील.