आमची वाटचाल : उद्यमनगर ते रुईकर कॉलनी

गाड्या उचलायच्या लिफ्ट विकणं आणि बसवणं हा आमचा धंदा. सुरुवात कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यातून. माल कोइमतूरचा, गिऱ्हाईक गॅरेजवाले, चार टनी टू-पोस्ट, म्हणजे दोन खांबांमध्ये गाडी उचलणारी लिफ्ट. ती वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते ऑगस्ट २०१९ चं. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तसं आमच्या गोडाऊनमध्येही शिरलं. लिफ्टचे पॉवर पॅक, म्हणजे तेलाच्या दाबानं ती उचलणारे मोटर-पंप, रांगेनं जमिनीवर ठेवलेले, सगळे बुडाले. त्यातला एकही आम्ही गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला नाही. त्यांच्या मोटारी भंगारात घातल्या. पण आमच्याकडच्या ज्या पोराला ओळंबा धरायला आम्हीच शिकवलं, त्यानं तोवर स्वतःचं दुकान थाटलं होतं. शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत सांगत सुटला, 'त्यांचा माल पुरात भिजलेला आहे.' ठरलेल्या ऑर्डरी फिरल्या, त्याच्याकडे गेल्या. बँकेचे हप्ते तुंबले. पाणी आठवड्यात उतरलं, ही अफवा पुढची दोन वर्षं पुरली.

त्या दिवाळीत रुईकर कॉलनीतले एक काका आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, दारात जुनी फियाट. घरच्या पार्किंगमध्ये लिफ्ट हवी होती. म्हणाले, "ऐकलंय ते खरं का खोटं, मीच बघतो." पिशवीतून हँडलचा मेगर काढला, म्हणजे मोटारीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र. एक वायर आमच्या मोटारीच्या वाइंडिंगला, एक बॉडीला, आणि हँडल फिरवलं. काटा सरळ इन्फिनिटीला गेला, म्हणजे इन्सुलेशन ठणठणीत, ओल नाही. मेगर पिशवीत ठेवला, चेकबुक बाहेर आलं.

दुकान थाटलेल्या आमच्या त्या पठ्ठ्यानं काकांना टू-पोस्टचं कोटेशन आधीच दिलेलं होतं, तेही जागा न बघता! आम्ही पार्किंगची फरशी हातोडीनं ठोकत गेलो, तर मधोमध पोकळ आवाज. खाली पाण्याची टाकी. तिथं लिफ्ट जमिनीला जखडणारे अँकर बोल्ट मारायचे होते त्याला. शिवाय वरचा स्लॅब साडेनऊ फूट. दीड मीटर उंचीची गाडी माणूस खाली उभा राहील इतकी उचलायची तर अकरा फूट तरी लागतात. टाकी सोडून कडेला नवं काँक्रीट केलं, अठ्ठावीस दिवस क्युरिंगला दिले, आणि मीटरभर उचलणारी सीझर लिफ्ट बसवली, कात्रीसारख्या पायांनी खालून उचलणारी. घरात सिंगल फेज, म्हणून मोटारही तशीच. काका अजून खंडेनवमीला तिला हार घालतात आणि आम्हाला फोन करतात, "लॉक तपासून जा."

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. नुसती गाडी उभी करायची तर चार खांबांची फोर-पोस्ट बरी, वजन सरळ खाली जातं. टू-पोस्टला कॉलम उपटायला बघणारा जोर असतो, तिथं काँक्रीट पातळ चालत नाही. गाडी उचलली की थोडी खाली घेऊन लॉकवर टेकवा, तेलाच्या भरवशावर खाली शिरू नका. तेलाऐवजी स्क्रूवर चालणारी लिफ्ट असेल तर वजन पेलणारा मेन नट आणि तो तुटला तर गाडी धरणारा सेफ्टी नट यांच्यामधली फट मोजत जा. कमी व्हायला लागली की नट झिजला.

त्या पठ्ठ्याचं कोटेशन आजही आमच्यापेक्षा कमीच असतं. त्यात फाउंडेशनची ओळ शोधा. नसतेच. तो खर्च नंतर तुमचा गवंडी सांगतो.