शिक्का वाचायला शिकवणारे सर

आमच्या 1986 च्या दहावीच्या बॅचला भूगोल कुणी शिकवला असे विचारले, तर मी अर्धे श्रेय टपाल खात्याला देईन. उरलेले अर्धे सरांचे. शनिवारी शाळा सुटली की टपालाची जुनी पाकिटे आणि त्यांवरचे पोस्टाचे शिक्के पाहायला प्रयोगशाळेच्या लांब टेबलाभोवती आम्ही मोजकी पोरे जमायचो. मंडळ वगैरे काही नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच.

माल मात्र भरपूर. गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या आसपास प्रत्येक वाड्यावर एखादा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, एखादा आखातात गेलेला. त्यांची पाकिटे वाचून झाली की आमच्याकडे येत. इतर मुले तिकिटे पाण्यात भिजवून सोडवायची. सरांना ते अजिबात खपत नसे. "तिकीट लाखांनी छापतात रे. शिक्का त्या गावचा आणि त्या दिवसाचा," असे म्हणून ते अख्खे पाकीट ठेवायला लावत. पोस्टात गेले की खिडकीतल्या माणसाला हळूच सांगत, "शिक्को मातसो बरो मार हां." म्हणजे, शिक्का जरा नीट मार.

त्यांच्या आल्बममधले एक पान पाहायला हात धुऊन यावे लागे. गोव्याची मुक्ती 19 डिसेंबर 1961 ची. भारतीय तिकिटे इथे 29 डिसेंबरपासून वापरात आली, तरी जुनी पोर्तुगीज तिकिटे 5 जानेवारी 1962 पर्यंत चालत होती. त्या मधल्या दिवसांतले एक पाकीट सरांकडे होते: तिकीट पोर्तुगीज, शिक्क्यावरची तारीख मुक्तीनंतरची. राजवट गेली, पण घरात उरलेली तिकिटे कोण फुकट घालवणार? आमच्या इतिहासाच्या पुस्तकात एवढे गोंयकारपण कुठेच नव्हते.

खास प्रसंगांच्या शिक्क्यांची गोडी तिथूनच लागली. 18 फेब्रुवारी 1911 ला अलाहाबादहून नैनीला विमानाने सुमारे साडेसहा हजार पत्रे गेली, जगातले पहिले अधिकृत हवाई टपाल, आणि त्यावर वेगळा शिक्का मारला होता. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट निघाले नोव्हेंबर 1947 मध्ये. 'जय हिंद' शिक्का मात्र 15 ऑगस्टलाच सुरू झाला होता. सर हे सांगताना खडू खाली ठेवत.

पण आमच्या पिढीचा शिक्का अंटार्क्टिकाचा. भारताची पहिली मोहीम 1981 च्या डिसेंबरात गोव्यातूनच निघाली. 1984 मध्ये तिकडे 'दक्षिण गंगोत्री' तळावर टपाल कार्यालय उघडले आणि ते जोडले गोवा टपाल विभागाला. म्हणजे बर्फातले ते पोस्ट कागदोपत्री आपले शेजारी! पहिल्याच वर्षी तिथे जवळजवळ दहा हजार पत्रांवर शिक्के बसले. सरांनी आमच्याकडूनही स्वतःचाच पत्ता घातलेली पाकिटे लिहून घेतली आणि शिक्क्यासाठी तिकडे धाडली. ती परत येईपर्यंत पुढचे वर्ष सुरू झाले होते, आणि नववीतला मी पोस्टमनकाकांना रोज हैराण करत होतो. पत्त्यात खाली 'गोवा, दमण व दीव' आहे. 30 मे 1987 नंतर ती ओळ कुणी लिहिली नाही, म्हणून मला ते पाकीट अधिकच प्रिय.

पुढे तो तळ बर्फाखाली गेला आणि 1990 मध्ये टपाल कार्यालय 'मैत्री' या दुसऱ्या तळावर हलले. तिकडची पत्रे पणजीच्याच 403001 या पिनवर यायची, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेत गोळा व्हायची, मोहिमेबरोबर जायची आणि शिक्का घेऊन परतायची. 2024 मध्ये 'भारती' तळावर दुसरे कार्यालय झाले. त्याला एमएच-1718 असा प्रायोगिक पिन मिळाला. खात्याची सोय असेल, पण तिथे आपला पणजीचा पिन नाही हे मला काही रुचले नाही.

आजकाल गुळगुळीत कागदावरची रंगीत फर्स्ट डे कव्हरे, म्हणजे नव्या तिकिटावर पहिल्याच दिवशीचा शिक्का मारलेली पाकिटे, सहज मिळतात. पत्ता कोरा, प्रवास शून्य. मी ती घेत नाही. कोपरा दुमडलेले, खरोखर कुणाला तरी पोचलेले पाकीट मी दुप्पट पैसे देऊन घेईन.

आमच्या शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त विशेष आवरण, म्हणजे त्या प्रसंगाचे छापील पाकीट आणि खास शिक्का, काढावे, असा अर्ज माजी विद्यार्थ्यांनी टपाल खात्याकडे करावा, असे मी समितीला सुचवले आहे. मंजुरी मिळालीच, तर त्या दिवशी येताना स्वतःचे एक साधे पाकीटही आणा. तिकीट उजव्या कोपऱ्यात लावा, त्याच्या डावीकडे शिक्क्याला जागा सोडा आणि आत एक जाड पुठ्ठा सरकवा. त्याने अक्षरे ठसठशीत उमटतात. पत्ता आधीच घाला, आणि शिक्का बसल्यावर पाकीट घरी न नेता सरळ पेटीत टाका.