रस्त्याकडे पाठ

ड्रायव्हरला काचेतून सगळा मुलूख दिसतो. आमच्या वाट्याला पुढे आलेले हात, आणि 'एक फुल, एक हाफ'. एसटीच्या कंडक्टरचा अर्धा जन्म रस्त्याकडे पाठ करून जातो. तरी गाडी कुठवर आली, हे मान न वळवता सांगता येतं. कोल्हापूरहून गगनबावड्याला निघालं की बालिंग्याच्या पुलावर चाकांचा आवाज बदलतो. पुढे वळणं लागली की पाय आपोआप फाकतात, खांदा दांडीला टेकतो. रस्ता पोटऱ्यांनी पाठ होतो म्हणा ना.

"मास्तर, कळं आलं का?"

"न्हाई अजून, मावशी. बसा निवांत."

मी बाहेर बघितलेलंच नसतं, त्यामुळे मावशींना ते पटत नाही. त्या खिडकीपाशी बसलेल्या कॉलेजच्या पोराला पुन्हा विचारून घेतात.

ही काही हौस नव्हे. भाडं सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर मोजतात, आणि टप्पा यायच्या आत गाडीतल्या प्रत्येकाकडे तिकीट हवं. तपासणीवाले कुठे हात दाखवतील, नेम नाही. पूर्वी ट्रेमधल्या तिकिटांना पंच मारत, आता गळ्यात मशीन. काम हलकं झालं हे खरं, पण भर रस्त्यात चार्जिंग संपलं की जुन्या ट्रेची आठवण येतेच.

2022 साली पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. 17 मार्च 2023 पासून बायकांना तिकीट अर्धं. तेव्हापासून आज्या एकट्या लेकीकडे निघतात. एखादी आजी कमरेची पिशवी सोडते, त्यातून रुमाल, रुमालातून प्लास्टिकची पिशवी, तिला दोन रबर, आणि शेवटी आधार कार्ड. तोवर अर्धा टप्पा सरतो. मागचे लोक ओरडतात. मी ओरडत नाही. कार्ड बघितल्यावर ते पुन्हा तसंच बांधायलाही तेवढाच वेळ लागणार असतो.

सुट्ट्यांचं भांडण मात्र रोजचंच. सकाळच्या पहिल्या फेरीला सगळे पाचशेची नोट काढतात. मग तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची, आणि उतरताना तो माणूस विसरू नये म्हणून आपणच त्याच्या गावाचं नाव घोकायचं. आता मोबाईलवरून पैसे देणारे वाढलेत, तेवढा जीव हलका.

ड्यूटी संपली की आगारात हिशोब. मशीनचा आकडा आणि रोकड जुळली पाहिजे; कमी भरली तर खिशातून घालायची. गड्डीत फाटकी नोट कितीही आत सारा, कॅशियरचं बोट पहिलं तिच्यावरच पडतं.