समुद्री जेलची नोंदवही : कप्पा, आयोटा आणि पुढे अल्जिनेट

या वेळचा बराचसा वेळ कॅराजीनन या जेल देणाऱ्या द्रव्याने घेतला आणि तो सत्कारणी लागला. लाल शेवाळातून मिळणारे कप्पा, आयोटा आणि लॅम्डा हे तिन्ही प्रकार 100 मिली पाण्यात 1 ग्रॅम या प्रमाणात घेतले. कप्पात चिमूटभर पोटॅशिअम क्लोराइड, आयोटात थोडं कॅल्शिअम घातलं.

कप्पाची वडी कडक बसते, सुरीने स्वच्छ कापली जाते, पण दाबली की तडकते आणि ठेवली की पाणी सोडते. आयोटा मऊ, लवचीक. त्याची खरी गंमत ढवळल्यावर कळते: जेल मोडून पातळ होतं आणि थोडा वेळ स्वस्थ ठेवलं की पुन्हा जमतं. कप्पा मोडला की मोडला, परत तापवल्याशिवाय जुळत नाही. लॅम्डा फक्त दाटपणा देतो, जमत नाही. कारण रेणूतच आहे. साखरेच्या दर जोडीमागे कप्पात साधारण एक, आयोटात दोन, लॅम्डात तीन सल्फेट गट असतात. या गटांचा ऋणभार वाढला की रेणूंच्या साखळ्या एकमेकींना दूर लोटतात. हे वाचून ठाऊक होतं, पण तीन वाट्या शेजारी हलवून बघण्याला तोड नाही.

तुलनेला आगर, म्हणजे लाल शेवाळातलाच आणखी एक जेल देणारा पदार्थ, होताच. तो 85 अंशांच्या आसपास वितळतो, पण जमायला 40 अंशांच्याही खाली यावं लागतं. हीच दरी प्रयोगशाळेला उपयोगी पडली. 1881 मध्ये जीवाणूंवर काम करणाऱ्या पतीला प्रयोगशाळेत मदत करणाऱ्या फॅनी हेसे यांनी जीवाणू वाढवायला आगर सुचवला, कारण जिलेटिन उबदार कपाटात वितळून जाई.

अल्जिनेट आता हातात घेतलंय. तपकिरी शेवाळातलं हे द्रव्य थंड पाण्यातच कॅल्शिअमला धरून जेल होतं, म्हणून द्रावणाला डिस्टिल्ड पाणीच वापरा. जड पाण्यात कॅल्शिअम असल्याने ते आधीच गुठळतं. आंबट रस असेल तर सोडिअम सायट्रेटने आम्लता उतरवून घ्या. जमवण्यासाठी लागणाऱ्या कॅल्शिअम क्लोराइडची कडवट चव खटकत असेल तर कॅल्शिअम लॅक्टेट उत्तम.

माशांचं जिलेटिन पुढच्या फेरीत. थंड पाण्यातल्या माशांचं जिलेटिन 10 अंशांच्या आसपास उतरल्यावरच जमतं, कारण त्यात प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन ही अमिनो आम्लं कमी असतात. त्यामुळे सगळी मांडणी फ्रिजमध्येच करणार आहे. कुणी ते आयोटाबरोबर मिसळून पाहिलं असेल तर प्रमाण जरूर सांगा.