लग्नाच्या फोटोत मागं दिसणारा धुरा

तालुक्याच्या गावी माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट साइझ आणि अधूनमधून मोर्चे. मोर्च्याचे पैसे कोणी देत नाही, मी मागतही नाही, चहा मिळतो. परवा एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, दादा मलाही आंदोलनाचे फोटो काढायचेत, लेन्स कोणता घेऊ? लेन्स सांगितला, पण खरं सांगायचं ते राहूनच गेलं, म्हणून इथं लिहून राहिलो.

२००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, शेतकरी आत्महत्यांमुळं सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात इतके कॅमेरेवाले उतरले की विचारू नका. मी मुंबईच्या एकाला गाडीवर मागं बसवून गावोगावी फिरवत होतो. एका घरी नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिलेला. यानं त्या बाईला हार घातलेली तसबीर मांडीवर घेऊन बसवलं, मग जरा उजेडाकडं सरकवलं. ती सरकली बिचारी. आणि तो बाहेर गेल्यावर मला म्हणते, "भाऊ, मांगच्या महिन्यात आला त्यानंबी असंच बसवलं. जमीन सासऱ्याच्या नावानं हाय म्हणून मले मदतीले अपात्र केलं, त्याचा फोटो निघते का?"

नाही निघाला. सातबाऱ्याचा फोटो काढायचं कोणाला सुचलंच नाही, मलाही नाही.

नंतर अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध आईबद्दल वाचलं, शेतमजुरांच्या छावणीत डोरोथिया लँग या फोटोग्राफर बाईनं १९३६ मध्ये काढलेला, लेकरांसोबतच्या आईचा फोटो. तो छापून आल्यावर त्या छावणीत सरकारनं अन्न पाठवलं, पण तोवर ती बाई लेकरं घेऊन पुढं निघून गेली होती. फ्लॉरेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना कळलं थेट १९७८ मध्ये, आणि मला त्यातून काही मिळालं नाही असंच ती म्हणत राहिली.

मला आवडतो तो लुईस हाइन, तोही अमेरिकेतलाच फोटोवाला. १९०८ पासून तो गिरण्यांमध्ये, खाणींमध्ये राबणाऱ्या पोरांचे फोटो काढत फिरला, आत घुसायला बायबल विकणारा बनायचा, आणि पोराची उंची आपल्या जॅकेटच्या बटणांवर मोजून घ्यायचा. तिसऱ्या बटणापर्यंत आलं की एवढं! खिशातल्या खिशात टिपून ठेवायचा. फोटो भारी आहेतच, पण मला ती बटणं भारी वाटतात.

२०१७ ला फवारणीच्या औषधाची विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसेक माणसं गेली, तेव्हा हेच आठवलं. दवाखान्याबाहेर सगळे डोळ्यांवर पट्टी बांधलेले चेहरे काढत होते. मी वावरात गेलो. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खांद्याच्याही वर गेली होती, माणूस पंपाचा नोझल वर धरून मारायचा आणि औषध पुन्हा त्याच्याच तोंडावर पडायचं. अंगात बनियन, तोंडाला दुपट्टा, पाय उघडे. मजूर निष्काळजी होते म्हणणाऱ्याला पऱ्हाटीची उंची तरी दिसू दे ना.

आता खरी गोष्ट. झरी जामणीकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, कसत असलेल्या वनजमिनीसाठी वनहक्काचे दावे भरणं चालू होतं, मला फोटो काढायला बोलावलं. जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसता हे दाखवावं लागतं, आणि नियमातल्या पुराव्यांच्या यादीत घरं, बांधबंदिस्ती, विहिरी, देवाच्या जागा, म्हाताऱ्यांचे लेखी जबाब असं सगळं येतं. मी हौसेनं संध्याकाळच्या उजेडात विहीर काढली, काय सुंदर आली म्हणता! समितीतून फाइल परत. ही विहीर कुठली, केवढी, कोणाच्या वावरातली? कशावरून? मग पोडावरचा एक म्हातारा स्वतःच काठी घेऊन कठड्याला उभा राहिला, "आता घे." भर दुपारी, सपाट उजेडात. कॅलेंडरवर कोणी लावणार नाही असा फोटो, पण काठीवरून कठडा मोजता येतो, मागं टेकडी येते, आणि कोणाची विहीर तेही कळते.

पण हे सगळं आजचं झालं, २००५ च्या आधीचं काय? जेवताना तोच म्हातारा सहज म्हणाला, "माह्या पोराच्या लग्नात तूच तं फोटो काढले ना बे!" माझा घास हातातच राहिला.

स्टुडिओच्या माळ्यावर चिवड्याच्या डब्यांत जुन्या निगेटिव्ह होत्या. दोन रात्री बसलो. त्या पोडावरची चार लग्नं सापडली, नागपूरहून स्कॅन करून आणली. नवरदेव-नवरी पुढं, आणि मागं कुडाची घरं, धुरा म्हणजे वावराचा बांध, धुऱ्यावरचं मोहाचं झाड, कापलेली तूर. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख, २००२, २००३. एका रोलवर साल ८७ आलंय, सेल बदलल्यावर तारीख लावायची राहिली होती माझी, तो बाजूला ठेवला, उगाच एकाच्या पायी बाकीच्यांवर संशय नको. ज्या वऱ्हाड्यांना मी तेव्हा फ्रेममधून हाकलत होतो त्यांच्यातले तिघं आज जबाब द्यायला आहेत, मोहही तिथंच आहे, फक्त जाड झालाय. त्याच जागी उभं राहून आजचा फोटो काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून फाइलला जोडले. दावे सध्या उपविभागीय समितीकडं आहेत.

तेव्हापासून लग्नात मी दोन पावलं मागं सरकूनच काढतो. मागच्या सीझनला एका नवरीच्या मामानं अल्बम परत आणला, म्हणे पोरीचं तोंड एवढंसं आलं अन् गोठा काऊन आला एवढा मोठा?