बोर्डामागची कुंभारीण

वायरमनचं काम करून मला २२ वर्षं झाली. बंद पडलेले बोर्ड उघडले की पालीची अंडी, मुंग्या, मेलेली झुरळं, सगळं निघतं. त्यामुळे त्या दिवशी बोर्डामागे माती दिसली तेव्हा काही वाटलं नाही. कुंभारणीचं, म्हणजे मातीची घरं बांधणाऱ्या गांधीलमाशीचं घर असणार, म्हणून मेन बंद केला, भिंतीवरून सुटून लोंबणारा बोर्ड उलटा केला आणि टेस्टरच्या टोकाने खरवडायला घेतलं.

पहिला ढलपा पडला आणि मी चरकलो. ते मातीचं ढेकूळ नव्हतं. बोटाच्या पेराएवढी चार मडकी ओळीने चिकटवलेली होती. तीन बंद, त्यातलं एक मी आत्ताच फोडलेलं. चौथ्याचं तोंड उघडं होतं, त्याला अरुंद गळा आणि घड्याला असतो तसा बाहेर वळलेला काठ.

फुटलेल्यात टॉर्च मारला. आत हिरव्या अळ्या दाटीवाटीने भरलेल्या. वायरीच्या टोकाने हलकेच स्पर्श केला तर एक जराशी वळवळली. म्हणजे जिवंत होत्या, फक्त लुळ्या पडलेल्या. आणि वर, छताला, केसाहून बारीक धाग्याला टांगलेलं एक अंडं. माझ्या श्वासानेही ते हलत होतं. खालच्या अळ्यांचा धक्का लागू नये म्हणूनच ही टांगणी असावी, असं मला तरी वाटलं.

मी काडीच्या टोकावर पुट्टी घेऊन भगदाड बुजवायला गेलो. आजवर भिंतींच्या किती खाचा भरल्यात मी! पण तिथे कडा आणखीच ढासळली. भिंत नखाएवढी पातळ. नाद सोडला.

तेवढ्यात ती आली. स्वतःच्या जवळपास लांबीची अळी धरून. मी मागे सरकलो. तिने ती चौथ्या मडक्यात ढकलली, गेली, पुन्हा आली. शेवटी चिखलाची गोळी आणून तोंड लिंपलं. लिंपताना मिशांनी सतत चाचपत होती. घरी आल्यावर वाचलं, की कोरड्या मातीत कालवायला पाणीही ती स्वतःच पोटात भरून आणते, आणि एवढं करून ती स्वतः मात्र फुलांच्या रसावर जगते. अळ्या फक्त पिल्लासाठी. त्या पिल्लाची आणि तिची गाठ बहुधा पडतच नाही.

"दादा, काढून टाकताय ना?" काकूंनी विचारलं.

"काकू, या पॉइंटची घाई आहे का?"

त्यांनी चष्मा लावला, वाकून बराच वेळ पाहिलं. "नाही हो. इस्त्री दुसऱ्या खोलीत करते मी. राहू द्या."

पॉइंटच्या वायरी काढून टोकांना टेप गुंडाळली, बोर्ड होता तसाच लोंबता ठेवला. निघताना फुटलेल्या मडक्यात पुन्हा एकदा टॉर्च मारला. अंडं अजून लटकत होतं.